पारदर्शक सूत्रकृमी आणि गर्भातील अंगोत्पत्तीचा क्रम

गर्भाचे कोणते अंग सर्वप्रथम उत्पन्न होते, या प्रश्नावर आपल्या संहितांमध्ये रीतसर वाद झालेला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायात तो सविस्तर येतो. कुमारशिरा भरद्वाज मस्तक प्रथम म्हणतात, कांकायन हृदय म्हणतात, भद्रकाप्य नाभी, भद्रशौनक पक्वाशय व गुद, बडिश हातपाय, तर वैदेह जनक इंद्रिये प्रथम उत्पन्न होतात असे प्रतिपादन करतात. मारीचि काश्यपांचे मत या सर्वांहून निराळे आहे. हा विषय प्रत्यक्षाच्या पलीकडचा असल्याने त्याविषयी निश्चित काही सांगता येणार नाही, असे ते म्हणतात. शेवटी धन्वंतरींचे मत येते, की सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात. आणि आत्रेयांनी तेच ग्राह्य धरले आहे. सुश्रुतसंहितेतही शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हाच वाद थोड्या वेगळ्या नावांनी आला असून, तेथे धन्वंतरींनी बांबूच्या कोंबाचा व आम्रफळाचा दृष्टान्त दिला आहे. पिकलेल्या आंब्यात गर, कोय, केसर वेगवेगळे दिसतात; कोवळ्या कैरीत ते सूक्ष्मतेमुळे दिसत नाहीत, इतकेच.

पदवी परीक्षेसाठी हा भाग आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. पुढे व्यवसायात त्याची आठवण क्वचितच होते. तथापि मारीचि काश्यपांनी दाखवलेली अडचण, म्हणजे गर्भ डोळ्यांसमोर घडताना पाहता येत नाही ही अडचण, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका प्राण्यापुरती खरोखरच दूर झाली. तो प्राणी म्हणजे एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक सूत्रकृमी होय. त्याचे शास्त्रीय नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. पुढे आम्ही त्यास सी. एलेगन्स असे म्हणू. या कृमीवर मुंबईतही काम चालते आणि आपल्या दशमुळांतील द्रव्यांचीही त्याच्यावर परीक्षा झालेली आहे. त्यामुळे वैद्य व औषधालयचालक या दोघांनाही त्याचा परिचय असणे आवश्यक झाले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कृमी म्हटले की आपल्या मनात कृमिरोग येतो. चरकांनी विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी सांगताना सहज कृमींना त्यांतून वगळले आहे, परंतु सी. एलेगन्स यांपैकी कोणत्याच गटात बसत नाही, कारण तो मनुष्याच्या शरीरात राहतच नाही. तो मुक्तजीवी आहे. कुजणारी फळे, पालापाचोळा, खताचे ढीग येथे तो राहतो आणि जिवाणू खाऊन जगतो. प्रयोगशाळांतून आज सर्वत्र वापरला जाणारा त्याचा मूळ वाण इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील अळिंबीच्या खतातून घेतलेला आहे. आपल्याकडील ऊस व भाजीपाला उत्पादक ज्या सूत्रकृमींच्या नावाने त्रस्त असतात, ते मुळांवर गाठी आणणारे परोपजीवी. त्यांचा हा दूरचा भाऊबंद म्हणता येईल, पण त्याचा कोणास उपद्रव नाही.

केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली या कृमीची निवड केली ती विचारपूर्वक. पेशींच्या विभाजनातून संपूर्ण प्राणी कसा घडतो आणि मज्जासंस्था कशी जुळून येते, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी असा प्राणी हवा होता, की ज्याच्या पेशी मोजता येतील, ज्याची पिढी लवकर तयार होईल आणि ज्याच्या शरीरातून प्रकाश आरपार जाईल. सी. एलेगन्स अंड्यातून सुमारे १४ तासांत बाहेर येतो आणि सुमारे तीन दिवसांत प्रौढ होतो. बहुतेक प्राणी उभयलिंगी असून स्वतःच्याच बीजातून सुमारे ३०० अपत्ये देतात. त्यामुळे एकाच जनुकीय बदलाचा शुद्ध वंश राखणे सोपे जाते. त्याला गोठवून ठेवता येते आणि वर्षांनंतर पुन्हा जिवंत करता येते. पेट्री डिशमधील अगारवर ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर दिला की त्याचे अन्नपाणी झाले. ब्रेनर यांचा या कृमीच्या जनुकांविषयीचा पायाभूत शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरे काम केले ते त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी. अंड्याचे कवच पारदर्शक, आतील गर्भ पारदर्शक. विशिष्ट प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीचे केंद्रक जिवंतपणी दिसते. सल्स्टन सूक्ष्मदर्शकासमोर बसले आणि प्रत्येक पेशी केव्हा विभागते, तिच्या कन्यापेशी कोठे जातात, हे हाताने कागदावर रेखाटत गेले. गर्भावस्थेचा अभ्यास पूर्ण होण्यास दीड वर्ष लागले आणि त्या काळात ते दिवसातून दोन वेळा चार-चार तास निरीक्षण करीत असत. छायाचित्रण असतानाही माणसाची नजर आणि पेन्सिल यांवर त्यांनी विसंबणे पसंत केले, हे नाडीपरीक्षेच्या व्यवसायातील आपल्यासारख्यांना विशेष भावेल. अंड्याबाहेर आल्यानंतरच्या वाढीची वंशावळ त्यांनी रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासमवेत १९७७ साली, तर गर्भावस्थेतील संपूर्ण वंशावळ अन्य सहकाऱ्यांसमवेत १९८३ साली प्रसिद्ध केली.

या वंशावळीचे वैशिष्ट्य असे, की ती प्रत्येक कृमीत सारखीच असते. गर्भात ६७१ पेशी उत्पन्न होतात, त्यांपैकी ११३ नियत वेळी मरतात आणि ५५८ पेशींचा कृमी अंड्यातून बाहेर पडतो. प्रौढ उभयलिंगी कृमीत बीजपेशी वगळता ९५९ पेशी असतात, ना एक कमी ना एक जास्त. त्यांपैकी ३०२ चेतापेशी आहेत. या ३०२ पेशींची परस्परांशी असलेली जोडणीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पातळ छेद तपासून १९८६ साली नकाशाबद्ध करण्यात आली.

आता मूळ वादाकडे येऊ. फलित अंड्याचे पहिलेच विभाजन असमान असते. पुढच्या बाजूस मोठी आणि मागच्या बाजूस लहान अशा दोन पेशी होतात. म्हणजे कोणतेही अंग तयार होण्यापूर्वी पुढे-मागे ही दिशा ठरते. त्यानंतरच्या काही विभाजनांत सहा मूळ पेशी वेगळ्या होतात. त्यांपैकी एका पेशीपासून आतड्याच्या सर्व, म्हणजे वीस पेशी तयार होतात आणि त्या पेशीपासून दुसरे काहीही तयार होत नाही. दुसरीपासून केवळ वीस स्नायुपेशी तयार होतात. एक पेशी बीजासाठी राखून ठेवलेली असते. त्वचा आणि मज्जासंस्था बव्हंशी पहिल्या विभाजनातील मोठ्या पेशीच्या वंशातून येतात. गर्भ अवघ्या २६ ते २८ पेशींचा असतानाच आतड्याच्या दोन पेशी बाहेरून आत सरकतात. अंतर्भागाच्या रचनेची सुरुवात तेथून होते.

हे वाचून भद्रशौनकांचा पक्ष जिंकला असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. मनुष्यगर्भात सुमारे बाविसाव्या दिवसापासून हृदय स्पंदू लागते आणि कार्य करणारे पहिले अंग तेच. तेथे कांकायनांचा पक्ष बलवान दिसतो. आणि सी. एलेगन्सला तर हृदयच नाही. धन्वंतरींच्या मताविषयीही आम्हांस दोन बाजू दिसतात. एखादे अंग पूर्ण झाल्यावर दुसरे सुरू होते, असे या कृमीत कोठेही घडत नाही. आतडे, स्नायू, त्वचा यांचे वंश जवळजवळ एकाच सुमारास वेगळे होतात आणि समांतर वाढतात. या अर्थी सर्व अंगे एकाच वेळी, हे म्हणणे ग्राह्य ठरते. परंतु आम्रफळाच्या दृष्टान्तावरून सर्व अवयव आरंभापासूनच सूक्ष्म रूपात तयार असतात असा अर्थ कोणी घेत असेल, तर तो या निरीक्षणाने टिकत नाही. अंड्यात सूक्ष्म आतडे नसते. एका पेशीस तिच्या शेजारच्या पेशीकडून संकेत मिळतो आणि मग ती आतड्याची जननी होते. चार पेशींच्या अवस्थेत हा शेजार तोडला, तर आतडे तयारच होत नाही. हे १९९२ साली प्रयोगाने दाखवले गेले. एवढ्या नियत वंशावळीतही पेशीचे भवितव्य शेजारावर अवलंबून असावे, ही गोष्ट आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. आपल्या ग्रंथांत सर्व काही पूर्वीच होते असे सांगणारे लेख आपल्या व्यवसायात कमी नाहीत. आमच्या मते या वादात सर्वाधिक शास्त्रीय भूमिका मारीचि काश्यपांची आहे. जे दिसत नाही त्यावर निर्णय देऊ नये, असे त्यांचे सरळ म्हणणे.

गर्भावस्थेत आणि नंतर मिळून या कृमीच्या शरीरात १०९० पेशी उत्पन्न होतात आणि त्यांतील १३१ मरतात. कोणत्या मरणार, केव्हा मरणार, हे ठरलेले असते. ही पेशीची हत्या नसून तिचे स्वतःचेच कार्य आहे, हे हॉर्विट्झ यांनी जनुके शोधून सिद्ध केले. मृत्यू घडवून आणणारी जनुके सापडली, तसेच मृत्यू रोखून धरणारे ced-९ या नावाने ओळखले जाणारे, अर्थात सेड-९ हे जनुकही सापडले. त्याच्याशी साम्य असणारे मानवी जनुक बीसीएल-२ हे लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात अतिरेकी कार्य करीत असल्याचे आधीच ज्ञात होते. मरायला हवी ती पेशी मरत नाही, म्हणून अर्बुद वाढते, हा विचार येथे पक्का झाला. बीसीएल-२ ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्यता पावले. ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर २००६, २००८ आणि २०२४ ची नोबेल पारितोषिकेही या कृमीवरील कामाशी निगडित होती.

महाराष्ट्रात या कृमीवरील काम पाहावयाचे तर मुंबईस कुलाब्याला जावे लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. त्याच संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा सी. एलेगन्सच्या चेतापेशींचा अभ्यास करते. चेतापेशी ही लांबलचक पेशी. तिचे केंद्रक एका टोकाजवळ आणि तंतूचे दुसरे टोक फार दूर. त्यामुळे तंतूच्या टोकाशी लागणारा माल पेशीच्या मुख्य भागातून वाहून न्यावा लागतो. हे वहनाचे काम मोटर प्रथिने करतात. आपल्या स्रोतस् या संकल्पनेत वहन हा अर्थ मुळातच आहे, म्हणून हा भाग वैद्यांना परका वाटू नये. मात्र दोन्ही एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही.

जिवंत प्राणी पाहण्यातील एक व्यावहारिक अडचण अशी, की कृमी सतत वळवळतो. गुंगीचे औषध दिले तर पेशीचे व्यवहारच मंदावतात. कौशिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक लहान पारदर्शक उपकरण तयार केले आणि त्याची माहिती २०११ साली प्रसिद्ध केली. मऊ पडद्याच्या दाबाने कृमी अलगद धरून ठेवला जातो, पाहून झाले की सोडून दिला जातो. पुढे अशाच उपकरणात कृमीला खाऊ घालत, धरत आणि सोडत, एकाच प्राण्यातील एकच चेतापेशी ३६ तास वाढताना पाहण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या कणिका, मोजल्या गेल्या. कृमी वाढतो तसा चेतातंतू ताणला जातो आणि दोन कणिकांमधील अंतर वाढत जाते. हे अंतर सरासरी २४ मायक्रोमीटरच्या पुढे गेले, की मध्ये नवी कणिका येते. रस्त्यावर ठरावीक अंतरावर दिवे असावेत आणि रस्ता वाढला की मध्ये आणखी एक दिवा लागावा, तसे हे आहे. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे लक्षात घेतले म्हणजे या मोजमापाचे मोल कळते. मृत प्राण्याचे छेद घेऊन हे कधीच कळले नसते, कारण प्रत्येक प्राण्यात कणिकांच्या जागा थोड्या वेगळ्या असतात आणि अनेक प्राण्यांची सरासरी काढली की हा नियम पुसून जातो. एकाच व्यक्तीचा दीर्घकाळ मागोवा घेण्याचे महत्त्व वैद्यांना वेगळे सांगावयास नको.

आता औषधालयचालकांच्या जिव्हाळ्याचा विषय. १९९३ साली सिंथिया केनियन यांनी या कृमीतील एकाच जनुकात बदल झाल्यास त्याचे आयुष्य दुप्पट होते असे दाखवले. दोन-तीन आठवडे जगणारा प्राणी असल्याने आयुर्मानावरील प्रयोग महिन्याभरात पूर्ण होतो. तेव्हापासून जगभर वनस्पतिद्रव्यांची परीक्षा या कृमीवर होऊ लागली. रसायनचिकित्सेचा वारसा असलेल्या भारतातही ती होणे स्वाभाविक होते. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत अग्निमंथ, म्हणजे प्रेम्ना इंटेग्रिफोलिया, यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याने आणि पाटला, म्हणजे आपली पाडळ, हिच्यातील स्पेसिओसाइड या द्रव्याने कृमीचे आयुष्य वाढल्याचे अनुक्रमे २०१२ व २०१५ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही बृहत्पंचमुळांतील द्रव्ये. काम चांगले आहे आणि त्याचा अभिमानही वाटतो.

परंतु यावरून 'दशमुळाने आयुष्य वाढते हे सिद्ध झाले' असे माहितीपत्रकात छापले गेल्यास ते असत्य होईल. परीक्षा झाली ती एकेका शुद्ध घटकाची. क्वाथाची नव्हे, अरिष्टाची तर नव्हेच. त्यातही अग्निमंथ या नावाने बाजारात प्रेम्ना आणि क्लेरोडेंड्रम अशा दोन वेगळ्या वनस्पती चालतात. आपल्या गोदामातील पोत्यात त्यांपैकी कोणती आहे, हे माहीत नसताना त्या शोधनिबंधाचा आधार घेणे कितपत योग्य? शिवाय या कृमीला यकृत नाही, रक्त नाही, फुप्फुसे नाहीत. त्याच्या अंगावरील जाड आवरणातून अनेक द्रव्ये आत शिरतच नाहीत, म्हणून प्रयोगातील मात्रा आणि रुग्णाची मात्रा यांचा मेळ घालता येत नाही.

याहून सूक्ष्म अडचण अन्नाची आहे. कृमी जिवाणू खातो आणि औषध त्याच जिवाणूंत मिसळून दिले जाते. औषधाने जिवाणूच बिघडले, तर कृमी कमी खातो किंवा वेगळे अन्न खातो. आणि कमी खाणारा सी. एलेगन्स अधिक जगतो, हे सर्वज्ञात आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे सुपरिचित औषध कृमीचे आयुष्य वाढवते, परंतु ते मुख्यतः जिवाणूंच्या फोलेटच्या चयापचयात बदल करून, असे २०१३ साली दाखवले गेले. तेव्हा एखाद्या प्रतिनिधीने कृमीवरील प्रयोगाचा कागद पुढे केल्यास वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव व वापरलेला भाग विचारावा; घटक शुद्ध होता की अर्क, हे पाहावे; आणि मारलेल्या जिवाणूंवरही प्रयोग करून पाहिला होता काय, हा प्रश्न अवश्य करावा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर आम्ही तो कागद बाजूला ठेवू. ग्राहकास सांगताना, पाडळीतील एका घटकावर प्रयोगशाळेत प्राथमिक काम झाले आहे, इतके म्हणणे पुरे. रोगनिवारणाच्या अतिरंजित जाहिरातींबाबत १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम लागू आहे, आणि कृमीवरील यश हे त्यासमोर बचाव म्हणून चालणार नाही.

एका क्षेत्रात मात्र या कृमीची साक्ष अधिक थेट आहे, ते म्हणजे कृमिघ्न द्रव्ये. गंडूपद कृमी, अंकुशकृमी आणि सी. एलेगन्स हे सर्व सूत्रकृमींच्याच मोठ्या कुळातील. लेव्हामिसोल या औषधाने कृमीचे स्नायू आखडतात, ते नेमके कोणत्या ग्राहकस्थानावर कार्य करते, हे औषधाला दाद न देणारे सी. एलेगन्सचे वाण शोधूनच उलगडले. विडंग, पलाशबीज, कंपिल्लक यांच्याबाबत हाच मार्ग घेता येईल: द्रव्य कृमीला लुळे करते, उपाशी ठेवते की अंडी घालू देत नाही, हे पारदर्शक शरीरामुळे डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी लागणारी सामग्री फार नाही. द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, अगारच्या डिश, जिवाणूंचे संवर्धन, आणि मूळ वाणासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संग्रह केंद्राकडे मागणी. कोल्हापुरात अडचण येईल ती उन्हाळ्याची. हा कृमी २० अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो आणि सुमारे २७ अंशांपुढे वांझ होतो, म्हणून नुसती उबवणपेटी चालणार नाही. थंड करण्याची सोय असलेली, विजेचा भरवसा असलेली पेटी हवी.